काचेचे रबर आणि पत्र्याचे आयुष्य
जुन्या ‘पद्मिनी’ची पावसाळ्यापूर्वीची निगा

पहिला मोठा पाऊस पडून गेल्यानंतर गाडीचे दार उघडावे आणि पायाखालचा गालिचा ओलाचिंब लागावा, हा अनुभव जुनी ‘प्रीमिअर पद्मिनी’ जपणाऱ्यांना नवा नाही. गालिचा उन्हात वाळवला जातो, समोरच्या काचेच्या कडेला नळीतले सिलिकॉन फासले जाते आणि पुढचा पाऊस येईपर्यंत ही गोष्ट विसरली जाते. काचेच्या रबराखाली अडकलेले पाणी मात्र दरम्यानच्या काळात आपले काम करीत राहते. काही पावसाळ्यांनंतर रबराच्या कडेने रंगाला फुगे येतात आणि रबर उचलून पाहिले तर ज्या पत्र्याच्या आधाराने काच उभी होती, तोच बोटाने दाबताच तुटतो.

मुंबईत सांताक्रूझ येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यात समुद्राची खारी हवा. अशा शहरात जुन्या मोटारीच्या काचेभोवतीची काळी पट्टी ही केवळ शोभेची वस्तू राहत नाही. ती बदलण्याचे काम बहुतेक मालक काचेचे काम समजतात. वस्तुतः ते पत्र्याचे काम आहे. हे ध्यानात न घेता घाईने बसवलेले नवे रबर जुन्याइतकेच, किंबहुना अधिक नुकसान करू शकते.

कारखाना बंद, गाडी रस्त्यावर

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या मोटारी तयार केल्या. १९६४ मध्ये आलेली ‘फियाट ११०० डिलाइट’ १९७२ मध्ये ‘प्रीमिअर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये तिला ‘प्रीमिअर पद्मिनी’ हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअर ही तिची ओळख. नव्या शतकाच्या सुरुवातीला तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी असलेली २० वर्षांची मर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली.

आता उरल्या आहेत त्या खासगी मालकांनी हौसेने किंवा वडिलांची आठवण म्हणून ठेवलेल्या गाड्या. कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा ऑपेरा हाऊस परिसरातील सुट्या भागांच्या बाजारात थोडी शोधाशोध केली, की इंजिनाचे लहानमोठे भाग अजूनही हाती लागतात. छप्पर, काचेची चौकट आणि खांब यांचा नवा पत्रा कारखान्यातून येण्याचा मार्ग मात्र कायमचा बंद झाला आहे. म्हणूनच या गाडीच्या दुरुस्तीत सर्वांत स्वस्त वाटणारा रबराचा भाग सर्वांत महाग भागाची राखण करतो.

काच चौकटीत कशी बसते?

आजच्या मोटारींत समोरची काच पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने थेट पत्र्याला चिकटवलेली असते आणि गाडीच्या सांगाड्याला बळकटी देण्याचे कामही करते. पद्मिनीच्या पिढीतील मोटारींत काच चिकटवलेली नसते. ती रबराच्या जाड पट्टीत अडकवलेली असते. या पट्टीचा आडवा छेद साधारणपणे इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा दिसतो. तिच्या एका खाचेत काच बसते, तर दुसऱ्या खाचेत चौकटीच्या पत्र्याची किनार. काही गाड्यांत बाहेरच्या बाजूस आणखी एक खाच असते. तिच्यात चकचकीत धातूची अथवा रबराची पट्टी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘बीडिंग’ सरकवली की रबराचे ओठ ताणले जाऊन काचेवर आणि पत्र्यावर घट्ट दाबले जातात.

ही पद्धत साधी आणि दुरुस्तीला सोपी आहे. मात्र पाणी अडते ते केवळ रबराच्या दाबामुळे. तो दाब कमी झाला, की पाणी ओठाखालून खाचेत शिरते आणि तेथेच साचते. पत्र्याच्या किनारीवर ऊन पडत नाही, वारा लागत नाही. पाऊस थांबल्यानंतरही ही जागा बराच काळ ओली राहते आणि गंज नेमका तेथे सुरू होतो.

रबर का तडकते?

नैसर्गिक रबराच्या लांब रेणुसाखळीत दुहेरी बंध असतात. हवेतील ओझोन वायू या बंधांवर हल्ला करून साखळी तोडतो. ताणलेल्या रबरावर हा परिणाम लवकर होतो आणि भेगा ताणाच्या दिशेला काटकोनात पडतात. काचेच्या चारही कोपऱ्यांत रबर वळवलेले, म्हणून अधिक ताणलेले असते. त्यामुळे पहिल्या भेगा तेथेच दिसतात. उन्हातील अतिनील किरणे आणि इंजिनाची उष्णता यांचीही त्यात भर पडते. रबरात मिसळलेली काजळी या किरणांपासून काही अंशी संरक्षण देते. मोटारीचे रबर काळे असण्यामागील हे एक कारण आहे.

इथिलिन-प्रॉपिलिनपासून बनवलेल्या ‘ईपीडीएम’ या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात. साहजिकच ओझोन, ऊन आणि पाणी यांपुढे ते अधिक काळ टिकते. आज मोटारींच्या काचा व दरवाजे यांसाठी प्रामुख्याने हेच रबर वापरतात. मात्र पेट्रोल, डिझेल व खनिज तेल यांच्या संपर्कात ते फुगते आणि सैल होते. रबराला ‘चकाकी’ यावी म्हणून त्यावर तेल किंवा रॉकेल पुसण्याची सवय त्यामुळे घातक ठरते.

पाणी नेमके कोठून येते?

रबर बदलण्यापूर्वी दोष रबराचाच आहे याची खात्री करून घ्यावी. पाणी जेथे दिसते तेथूनच ते आत आलेले असते असे नाही. समोरच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून शिरलेला थेंब खांबाच्या आतून उतरून थेट पायाजवळ प्रकट होऊ शकतो. वायपरच्या दांड्यांभोवतालची रबरे, काचेखालील हवेची जाळी, छपराच्या पन्हळीतील सांधे आणि डिकीचे रबर ही पाण्याची इतर प्रवेशद्वारे होत.

तपासणी दोघांनी करावी. एकाने विजेरी घेऊन गाडीत बसावे. दुसऱ्याने बाहेरून नळीने हलक्या धारेने पाणी सोडावे. सुरुवात काचेच्या खालच्या कडेपासून करावी, प्रत्येक भागावर काही मिनिटे धार धरावी आणि मगच वर सरकावे. एकदम छपरावरून पाणी सोडले तर सर्वच ठिकाणे ओली होतात आणि शोध लागत नाही. आतील अस्तर व गालिचा आधी काढलेला असल्यास काम सोपे होते.

दरवाज्याच्या रबराची परीक्षा कागदाने होते. कागदाची पट्टी रबरावर ठेवून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. पट्टी सहज निघून आली तर तेथे दाब नाही असे समजावे. हाच प्रयोग दाराच्या चारही बाजूंना करावा. दार बिजागरीत झुकलेले असेल, तर नवे रबर लावूनही ही पट्टी निसटतच राहील. अशा वेळी आधी बिजागरी आणि कुलपाचा खटका जुळवून घ्यावा लागतो.

नवे रबर घेताना

जुन्या रबराचा एक-दोन इंचाचा तुकडा कापून बाजारात सोबत न्यावा. केवळ गाडीचे नाव सांगून आणलेले रबर वरून सारखे दिसते, पण खाचेची रुंदी थोडीशी कमी-अधिक असली तरी ते पत्र्यावर बसत नाही किंवा सैल राहते. काचेची जाडी, पत्र्याची जाडी आणि खाचांची खोली या तीनही गोष्टी ताडून पाहाव्यात. नख रोवल्यावर लगेच पूर्ववत होणारे, वाकवल्यावर पृष्ठभागावर पांढुरक्या रेषा न उमटणारे रबर घ्यावे. दुकानात वर्षानुवर्षे घडी घालून ठेवलेले ‘नवे’ रबर टाळावे. त्याचे वय ते साच्यातून बाहेर पडले त्या दिवसापासून मोजले जाते.

लांबीवर मिळणारे रबर घेतल्यास ते काचेभोवती न ताणता गुंडाळून मोजावे आणि सेंटिमीटरभर जास्त ठेवूनच कापावे. कापताना धारदार पाते सरळ ९० अंशांत चालवावे. ताणून बसवलेले रबर पुढे आकसते आणि कोपऱ्यात फट पडते. किंचित दाबून बसवलेले रबर सांधा मिटवून ठेवते. सांधा कोपऱ्यात येऊ देऊ नये. घड्या पडलेले रबर आदल्या दिवशी उन्हात पसरून ठेवले, की ते मऊ होते आणि आपला आकार धरते.

जुने रबर उतरवताना

वायपर, आतील आरसा आणि धातूची बीडिंग प्रथम काढावी. बीडिंग पुन्हा मिळणे कठीण असल्याने ती पेचकसाने उचकटू नये. साबणाचे पाणी सोडून, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू सरकवून ती सोडवावी. रबर बदलायचेच असल्याने ते वाचवण्याचा मोह धरू नये. बाहेरचा ओठ धारदार सुरीने काचेच्या कडेने कापून काढला, की काच कोणताही जोर न लावता बाहेर उचलता येते. रबर न कापता आतून पायाने किंवा खांद्याने काच ढकलण्याची पद्धत अनेक काचांचा बळी घेते.

काच कोणत्या प्रकारची आहे, हे कोपऱ्यातील खुणेवरून कळते. टफन्ड काच कडेला ठोकर बसताच पूर्ण फुटून तिचे बारीक तुकडे होतात. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच विखुरत नाही, पण थोडीशी पिळवटली तरी तिला आरपार तडा जातो. जुन्या लॅमिनेटेड काचेच्या कडा दुधाळ झाल्या असतील, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. काम करताना जाड हातमोजे व चष्मा वापरावा. काढलेली काच घोंगडीवर ठेवावी, उघड्या फरशीवर टेकवू नये.

खरी परीक्षा चौकटीची

काच निघाल्यावर चौकटीची किनार प्रथमच पूर्ण उघडी पडते. येथे बहुतेक कामे बिघडतात, कारण गाडी अर्धवट उघडी असते, कारागिराला दुसरे काम असते आणि मालकाला संध्याकाळपर्यंत गाडी हवी असते. गंजावर रंगाचा हात मारून त्यावर रबर चढवले, तर दोष झाकला जातो, जात नाही. नव्या, घट्ट रबराखाली आधीपासून असलेला गंज वाढतच राहतो आणि फरक एवढाच पडतो, की तो आता कोणाला दिसत नाही.

किनारीवरील जुने चिकटद्रव्य आणि रंग खरवडून तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा. खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण वापरता येते. ते डब्यावरील सूचनेप्रमाणे धुऊन अथवा पुसून पत्रा पूर्ण कोरडा करावा. त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि मग रंग द्यावा. जेथे पत्रा आरपार गेला असेल तेथे नवा तुकडा जोडून वेल्डिंग करणे हाच उपाय आहे. पुट्टीने भोक बुजवले तर दुहेरी नुकसान होते : पुट्टीला बळ नसते आणि किनार जाड झाल्याने रबराची खाच तिच्यावर नीट बसत नाही. वेल्डिंगचे उंचवटेही घासून मूळ जाडीइतके करावे लागतात.

रंग वरून कोरडा वाटला तरी आतून वाळण्यास वेळ घेतो. ओल्या रंगावर बसवलेले रबर त्याला चिकटते आणि पुढच्या वेळी रंगासकट निघते. मुंबईत हे काम एप्रिल-मेमध्ये हाती घ्यावे ते यासाठीच. जूनच्या दमट हवेत प्रायमरखाली ओल अडकण्याचा धोका असतो.

दोरीची युक्ती

काच बसवण्याची पद्धत जगभर सारखीच आहे आणि तिला एका दोरीपलीकडे फारसे हत्यार लागत नाही. प्रथम नवे रबर काचेभोवती चढवावे आणि कोपरे नीट बसल्याची खात्री करावी. नंतर पत्र्यासाठी असलेल्या खाचेत चार-पाच मिलिमीटर जाडीची गुळगुळीत नायलॉनची दोरी सर्व बाजूंनी भरावी. दोरीची टोके खालच्या कडेच्या मध्यभागी एकमेकांवरून वीतभर ओलांडून बाहेर लोंबती ठेवावीत. खाचेला व चौकटीला साबणाचे पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस लावू नये. पाणी नंतर वाळून जाते, ग्रीस तसेच राहते.

आता दोघांनी काच बाहेरून चौकटीवर ठेवून बरोबर मध्यावर आणावी. दोरीची टोके गाडीच्या आत घ्यावीत. एकाने बाहेरून तळहाताने काच दाबून धरावी. आतल्याने दोरीचे एक टोक काचेला समांतर, मध्याच्या दिशेने सावकाश ओढावे. दोरी निघताना रबराचा आतला ओठ पत्र्याच्या किनारीवरून आत उलटत जातो. आधी खालची कड, मग दोन्ही बाजू आणि शेवटी वरची कड असा क्रम ठेवावा. दोरी जेथे ओढली जाते त्याच जागी बाहेरून दाब द्यावा. ओठ अडकला तर दोरीला हिसका देऊ नये. रबर फाटते किंवा कोपऱ्यात काच तडकते. पुन्हा साबणाचे पाणी सोडून बोथट पट्टीने ओठ वर काढावा.

काच बसल्यावर बीडिंगची पाळी. ती सरकवण्यासाठी टोकाला तारेचे कडे असलेले साधे हत्यार मिळते. कडे खाच उघडत पुढे जाते आणि मागोमाग पट्टी आत बसते. काही गाड्यांत बीडिंग काच बसवण्यापूर्वीच रबरात घालावी लागते, म्हणून उतरवतानाच क्रम टिपून ठेवावा.

चिकटद्रव्य वापरायचे तर कधीही कडक न होणारे मस्तकी प्रकारचे, आणि तेही बेताने वापरावे. रबराचा ओठ उचलून पत्र्याच्या बाजूला त्याची पातळ रेघ पुरेशी असते. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे घरगुती सिलिकॉन मात्र कटाक्षाने टाळावे. ते वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते, उघडा पत्रा गंजवते आणि पुढे रंगही धरू देत नाही. गळतीवर सर्वाधिक वापरला जाणारा हाच उपाय गंजाला हातभार लावतो.

दरवाज्यांचे गणित वेगळे

दरवाज्याच्या खाली-वर होणाऱ्या काचांना तीन ठिकाणी रबर असते : काच ज्यात सरकते ते फेल्टचे चॅनल, कमरेच्या रेषेवरील बाहेरची बीडिंग आणि दाराच्या कडेचे स्पंजासारखे मऊ रबर. पुढच्या दारांतील त्रिकोणी काचेचे रबर हा चौथा आणि अनेकदा सर्वांत गळका भाग.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दरवाज्याच्या पोकळीत पाणी जाणे हा दोष नव्हे. काचेवरून ओघळलेले थोडे पाणी बीडिंग ओलांडून आत उतरणारच, हे गृहीत धरून दाराच्या तळाशी निचऱ्याची छिद्रे ठेवलेली असतात. धूळ, पाने आणि जुन्या रबराचा चुरा यांनी ती बुजली, की दार आतून पाण्याने भरते आणि तळाचा पत्रा सडतो. नवे रबर बसवण्यापूर्वी तारेने ही छिद्रे मोकळी करावीत. दाराच्या आतील पुठ्ठ्यामागे प्लॅस्टिकचा कागद असतो. दुरुस्तीच्या वेळी तो फाडून फेकला जातो आणि मग पुठ्ठा भिजून फुगतो. तो कागद पुन्हा लावणे खर्चाचे नाही; विसरणे महागात पडते.

नव्या रबरामुळे सुरुवातीचे काही दिवस दार जड लागते. ते आपटून लावू नये. रबर दबून आकार घेते. दोन-तीन आठवड्यांनंतरही अडचण राहिल्यास खटका किंचित बाहेर घ्यावा.

निगा आणि नोंदणी

काच बसवल्यानंतर एक दिवस गाडी हलवू नये आणि मग पुन्हा पाण्याची परीक्षा घ्यावी. वर्षातून दोनदा सौम्य साबणाने रबर धुऊन त्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. प्लॅस्टिकचे आच्छादन ओल कोंडते. पावसाळ्यात छपराखाली उभ्या गाडीवर हवा खेळणारे कापडी आच्छादन बरे.

या साऱ्या खटाटोपाला आता कायद्याचीही एक बाजू आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि तेव्हा गाडीची तपासणी होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये जाहीर केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते. तिची मुदत दहा वर्षांची असते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही. मुख्य अट ही, की गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. १९७४ मध्ये नोंदल्या गेलेल्या पहिल्या पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीच्या झाल्या आणि त्यांच्या धाकट्या बहिणी आता दरवर्षी या रेषेजवळ येत आहेत.

त्या रेषेपर्यंत कोणती गाडी मूळ सांगाड्यानिशी पोहोचेल, हे इंजिनापेक्षा पत्र्यावर अधिक अवलंबून राहील. इंजिन उघडून पुन्हा बांधता येते. गंजलेला खांब आणि सडलेली काचेची चौकट कापून काढली, की मूळ गाडीतील तेवढा भाग कमी होतो. मे महिन्यातील दोन-तीन दिवस, दोन माणसे, एक दोरी आणि योग्य मापाचे रबर एवढ्यात ही वेळ टाळता येते. मात्र काच निघालेली असताना पत्रा पुरता कोरडा होईपर्यंत थांबण्याची तयारी हवी.